विश्लेषण : ‘इथे पाणी साचले आहे’ ही नोंद थेट नकाशावर कशी टाकता येईल?

मुसळधार पावसात व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘पाणी भरलंय, येऊ नका’ असा संदेश फिरू लागतो. मात्र नेमके कुठे आणि कधी, हे त्यात अनेकदा नसते. संदेशाला ठिकाण आणि वेळ जोडणारे छोटे वेब ॲप एखादी सोसायटी किंवा महाविद्यालयीन गटही उभारू शकतो. मीरा-भाईंदरसारख्या शहरात त्यासाठी काय लागेल आणि काळजी कुठे घ्यावी लागेल?

अशी नोंद म्हणजे काय?

नकाशावरच्या एका बिंदूला चिकटवलेली छोटी चिठ्ठी. ‘चेंबरचे झाकण नाही’, ‘दिवे बंद आहेत’ असे कुणी लिहिले, की त्या परिसरात नकाशा उघडणाऱ्याला ते दिसते. ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या खुल्या नकाशावर २०१३ पासून अशी नोंद टाकण्याची सोय आहे. तेथील नोंदी मुख्यतः नकाशातील चुका दाखवण्यासाठी असतात आणि काम झाले की नोंद ‘सोडवली’ म्हणून बंद करता येते. आयआयटी मुंबईच्या ‘मुंबई फ्लड’ या प्रायोगिक यंत्रणेतही साचलेल्या पाण्याची माहिती नागरिकांना ठिकाणासह कळवता येते.

फोनचे ठिकाण ॲपला कसे कळते?

ब्राउझरमधील ‘जिओलोकेशन’ सुविधेमुळे. वापरकर्त्याने परवानगी दिली, की उपग्रह, वाय-फाय आणि मोबाइल टॉवर यांच्या आधारे फोन अक्षांश-रेखांश देतो. मीरा रोड स्थानकासाठी ते साधारण १९.२८ आणि ७२.८६ असे येतात. सोबत अचूकतेचा आकडाही मीटरमध्ये मिळतो. मोकळ्या आकाशाखाली फोन साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असतो, तर उंच इमारतींच्या दाटीत किंवा घरात चूक बरीच वाढते. त्यामुळे नोंद जतन करण्याआधी नकाशावरची खूण बोटाने सरकवून दुरुस्त करण्याची सोय हवीच.

उभारणीसाठी काय लागते?

मुख्यतः तीन गोष्टी. पहिली, ‘एचटीटीपीएस’ असलेला सुरक्षित पत्ता. साध्या ‘एचटीटीपी’ संकेतस्थळाला ठिकाण देणे क्रोम ब्राउझरने २०१६ मध्येच बंद केले. दुसरी, नकाशा. ‘लीफलेट’ हे मोफत साधन आणि ओपनस्ट्रीटमॅपची माहिती यावर काम भागते. मात्र नकाशावर श्रेय देणे बंधनकारक आहे, तसेच वापर वाढल्यास नकाशाच्या चित्रांसाठी वेगळी सेवा घ्यावी लागते. तिसरी, नोंदी साठवणारा डेटाबेस. ‘पोस्टग्रेस’ला ‘पोस्टजीआयएस’ची जोड दिली, की अंतराचे हिशेब तोच करतो.

नवख्यांची हमखास चूक होते ती आकड्यांच्या क्रमात. लीफलेटला आधी अक्षांश लागतो, तर ‘जिओजेसन’ या साठवणीच्या प्रकारात आधी रेखांश असतो. क्रम उलटला, तर मीरा रोडची नोंद नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात जाऊन पडते.

‘जवळच्या नोंदी’ कशा ठरतात?

वापरकर्त्याभोवती, समजा, २०० मीटरचे वर्तुळ धरले जाते. या भागात २०० मीटर म्हणजे अक्षांशात सुमारे ०.००१८ अंशांचा फरक. पण हे अंतर सरळ रेषेतले असते. भाईंदर पूर्वेची नोंद पश्चिमेला उभ्या असलेल्या व्यक्तीला ‘जवळ’ दिसेल, प्रत्यक्षात रूळ ओलांडण्यासाठी तिला वळसा घ्यावा लागेल. म्हणून नुसती यादी न देता नोंदी नकाशावर दाखवणे योग्य.

नोंद किती काळ ठेवावी?

विषयानुसार. पाणी साचल्याची नोंद काही तासांत निरर्थक होते. गेल्या पावसाळ्यातली नोंद आज ताजी म्हणून दिसली, तर माणसे विनाकारण रस्ता बदलतील आणि पुढच्या खऱ्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करतील. त्यामुळे प्रत्येक नोंदीवर वेळ ठळक हवी. पाण्याची नोंद तीन-चार तासांनी आपोआप हटावी, उघड्या चेंबरची मात्र कुणी ‘काम झाले’ म्हणेपर्यंत राहावी. ‘अजूनही आहे’ आणि ‘आता नाही’ अशी दोन बटणे दिली, तर पडताळणीचे काम वापरकर्तेच करतात.

खासगीपणाचे काय?

सर्वांत मोठा धोका इथेच आहे. एखादी तरुणी रोज रात्री घरातून नोंदी टाकत असेल, तर नाव न लिहिताही तिचे घर कोणते हे ओळखता येते. अक्षांश-रेखांशातील दशांश चिन्हानंतरचे चार आकडे सुमारे ११ मीटरपर्यंतचे ठिकाण सांगतात, तीन आकडे सुमारे ११० मीटरपर्यंतचे. उघड्या चेंबरसाठी नेमका बिंदू आवश्यक असतो, इतर नोंदींसाठी तीन आकडे पुरतात. नोंद कशाबद्दल आहे ते ठिकाण साठवावे, लिहिणारी व्यक्ती कुठे उभी होती ते साठवू नये. एकाच व्यक्तीच्या सगळ्या नोंदी एकत्र दिसतील असे पानही ठेवू नये. व्यक्तीच्या डिजिटल माहितीसाठी संमती आणि तिचा हेतू स्पष्ट करणे, हे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे मुख्य सूत्र आहे. बदनामीकारक किंवा अफवा पसरवणाऱ्या नोंदींसाठी तक्रारीचे बटण आणि जबाबदार व्यक्तीचा संपर्कही द्यावा लागतो.

मर्यादा कोणत्या?

पान बंद असताना वेब ॲपला ठिकाण मिळत नाही. म्हणजे पाणी साचलेल्या रस्त्याजवळ पोहोचताच ते आपणहून इशारा देणार नाही, नकाशा उघडावाच लागेल. शिवाय नोंद टाकली म्हणजे महापालिकेकडे तक्रार गेली, असे होत नाही. जिवाला धोका असेल, तर ११२ क्रमांकावरच संपर्क साधायला हवा. ही सूचना ॲपच्या पहिल्याच पडद्यावर असावी. सुरुवात एका वॉर्डापासून, एकाच विषयावर आणि पावसाळ्याआधी केली, तर नोंदी खऱ्या ठरतात का, हे त्याच हंगामात कळू शकते.