उपनगरातली गाडी – भाग ६ : ऑटोमॅटिक, पण कुठली?

गेल्या आठवड्यात बजेटचं गणित मांडलं तेव्हा बहुतेकांची नजर चौघींवर येऊन थांबेल असं म्हटलं होतं: बलेनो, तिचीच जुळी बहीण ग्लान्झा, आय-ट्वेंटी आणि अल्ट्रॉझ. चौघी चार मीटरच्या आत, चौघींचं पेट्रोल इंजिन १.२ लिटरचं. हे माप सरकारी आहे. पेट्रोल गाडी ४ मीटर आणि १२०० सीसीच्या आत बसली की कर कमी. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झाला, आधी २८ टक्के आणि वर सेस होता. त्यामुळे लांबी, डिकी, इंजिन यांत एकोणीस-वीसचाच फरक. खरा फरक गिअरबॉक्समध्ये आहे, आणि नेमकं त्याबद्दल शोरूममधला मुलगा ‘सर, ऑटोमॅटिक आहे, क्लचची कटकटच नाही’ एवढं सांगून मोकळा होतो.

बलेनो आणि ग्लान्झामध्ये क्लच असतो. तो दाबणारा पाय तेवढा तुमचा नसतो. मारुतीने २०१४ साली सेलेरिओतून एएमटी आणली, तीच पद्धत इथे आहे: मॅन्युअलचा साधा गिअरबॉक्स आणि त्यावर क्लच दाबणारी, गिअर टाकणारी यंत्रणा. मारुती तिला एजीएस म्हणते. मॅन्युअलपेक्षा पन्नास-साठ हजारच जास्त पडतात आणि ॲव्हरेजही मार खात नाही. बलेनोचा कंपनीचा आकडा मॅन्युअलला लिटरमागे २२.३५ किलोमीटर, तर एजीएसला २२.९४. अर्थात हे आकडे चाचणीतले आहेत. त्या चाचणीत पवईचा सिग्नल नसतो.

जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर संध्याकाळी साडेसातला काय होतं ते बघू. पुढची गाडी दहा फूट सरकते, थांबते, पुन्हा दहा फूट. एएमटीमध्ये तुम्ही ब्रेकवरचा पाय उचलला की यंत्रणा क्लच हळूहळू जोडू लागते. पुरता जोडायच्या आत तुम्ही परत ब्रेक दाबता, ती क्लच सोडते. मध्येच जरा मोकळं मिळालं म्हणून ॲक्सिलरेटर दिलात तर ती दुसरा गिअर टाकते आणि त्या क्षणी मान किंचित पुढे जाते. तेवढ्यात समोर रिक्षा आडवी येते, परत पहिला. सवय झाली की आपण गिअर बदलायच्या वेळी पाय आपोआप हलका करतो आणि हिसका निम्मा होतो. पण क्लच प्लेट झिजायची ती झिजतेच.

चढावर आणखी एक गोष्ट. वर्षानुवर्षं मॅन्युअल चालवलेल्या माणसाला फ्लायओव्हरच्या चढावर गाडी हाफ क्लचवर तोलून धरायची खोड असते. एएमटीत तो तेच ॲक्सिलरेटरने करतो, आणि थोड्या वेळात क्लच जळल्याचा वास येतो. ब्रेक दाबून उभं राहायचं आणि निघताना हिल होल्डवर विसंबायचं. बलेनोच्या ऑटोमॅटिकमध्ये ते आहे. ब्रेक सोडल्यावर दोन-एक सेकंद गाडी मागे जाऊ देत नाही, तेवढे पुरतात.

आणि तिसरी जागा, जिचा उल्लेख कुठल्याच रिव्ह्यूमध्ये मी वाचलेला नाही: सोसायटीचं स्टॅक पार्किंग. प्लेटच्या तोंडाशी लोखंडाची दीड-दोन इंचांची कड असते. टायर तिला टेकला की गाडी थांबते. पाव इंच ॲक्सिलरेटर दिला, काही नाही. आणखी थोडा दिला, अजून काही नाही. मग क्लच एकदम पकडतो, गाडी कड ओलांडून टुणकन आत येते, आणि मागे बसलेल्या सासूबाई विचारतात, ‘हे काय चाललंय?’ इलाज असा की डावा पाय ब्रेकवर हलका ठेवून उजव्याने द्यायचं. एरवी ऑटोमॅटिकमध्ये डावा पाय वापरू नये, हे खरं; इथे आणि एवढ्याच कामापुरता अपवाद.

आय-ट्वेंटीच्या १.२ इंजिनाला जो आयव्हीटी मिळतो, त्याला हे तिन्ही त्रास जवळपास नाहीत. तो सीव्हीटीचाच प्रकार. त्यात ठरावीक गिअर नसतातच. दोन पुलींवर साखळीचा पट्टा फिरतो आणि पुली रुंद-अरुंद होत प्रमाण बदलत राहतं. शिवाय इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असल्याने सुरुवातीची ओढ तेलातून येते, घासणाऱ्या प्लेटमधून नाही. ब्रेक सोडला की गाडी शांतपणे सरकते. हायवेवर जोरात ओव्हरटेक करताना इंजिन आधी ओरडतं, वेग मागून येतो, ही तक्रार रास्त आहे. पण वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर ऑफिसच्या वेळी ओव्हरटेक करायला जागा कुठे असते?

अल्ट्रॉझचा मामला वेगळा. तिच्या डीसीएमध्ये दोन क्लच असतात, एक विषम गिअरांचा, दुसरा सम. पहिल्यात चालत असताना दुसरा तयारच असतो, म्हणून बदल झटक्यात होतो. अशा गिअरबॉक्सचं दुखणं म्हणजे गर्दीत रांगताना तापणं. २०१३ साली आलेल्या पोलो जीटी टीएसआयमध्ये कोरडे क्लच होते; टाटाने २०२२ साली डीसीए आणला तो तेलात बुडालेल्या क्लचचा, आणि आपल्या ट्रॅफिकसाठी हे शहाणपणाचं. एक सावधगिरी मात्र घ्या: २०२५च्या नव्या अल्ट्रॉझमध्ये एएमटीही मिळते. ‘अल्ट्रॉझ ऑटोमॅटिक’ म्हणून बुकिंग करू नका, डीसीए की एएमटी ते पावतीवर लिहून घ्या. आय-ट्वेंटी काय नि डीसीए काय, मॅन्युअलपेक्षा लाखाच्या आसपास जास्त मोजावे लागतात.

माझं मत विचाराल तर: रोज अंधेरी ते मुलुंड करणाऱ्याने तो लाख खर्चावा. आठवड्यातून दोनदा बोरिवलीतल्या बोरिवलीत फिरणाऱ्याला एएमटी भरपूर झाली. आणि ऑफिस वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोच्या स्टेशनाला लागून असेल तर दोन्ही नकोत. कुठलाही गिअरबॉक्स त्या मेट्रोला गाठत नाही.

टेस्ट ड्राइव्ह दुपारी तीनला, मोकळ्या लिंक रोडवर घेऊ नका. संध्याकाळची वेळ मागा. मुलुंडकरांनी योगी हिल्सचा चढ चढवा, घाटकोपरकरांनी असल्फ्याकडचा. मग गाडी आपल्या सोसायटीत आणून आपल्याच प्लेटवर रिव्हर्स लावून बघा. सेल्समन कुरकुरतो, पण येतो. मे महिन्यात घेत असाल तर सिग्नलला इंजिन आपोआप बंद झाल्यावर एसी किती वेळ तग धरतो तेही पाहा. इंजिन आपोआप बंद होणं थांबवायचं बटण कुठे आहे हे पहिल्याच दिवशी शिकून घ्या.

वरचं व्हेरिएंट घ्यायची घाई नको. बलेनोचं डेल्टा एजीएस १५ इंची चाकांवर येतं, टायर १८५/६५. वरच्या व्हेरिएंटना १६ इंची आणि १९५/५५. दिसायला ती देखणी, पण रबराची भिंत बुटकी, आणि जुलैमध्ये पेव्हर ब्लॉक उखडलेल्या खड्ड्यात मार रिमला बसतो.

बलेनोत २०१५ पासून सीव्हीटी मिळायचा, तो मारुतीने २०२२ साली काढला. होंडा जॅझचा सीव्हीटीही २०२३ साली गाडीबरोबरच गेला. या दोन्ही सेकंड-हँड बाजारात अजून मिळतात. त्या घेताना काय तपासायचं, ते पुढच्या आठवड्यात.