जिना पक्का आहे का?

पुणतांब्याला गोदावरीच्या काठी अहिल्याबाई होळकर यांनी अठराव्या शतकात बांधलेला दगडी घाट आहे. तुमच्यापैकी काहीजण त्याच्या पायऱ्या उतरून नदीवर गेले असतील. घाटाची पायरी जमिनीवर बसलेली असते. एखादा दगड हलला, तरी घाट कोसळत नाही. घरातला जिना तसा नसतो. त्याच्याखाली पोकळी असते आणि पुष्कळदा तिथेच धान्याची कोठी असते, लहान मुले खेळत असतात.

'जिना' हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे. उर्दूतला 'ज़ीना' तोच. दोन्ही भाषांनी तो फारसीतून घेतला.

समजा, तुमच्या जुन्या घरातला लाकडी जिना वाळवीने पोखरला. घरच्यांनी तो काढून काँक्रीटचा नवा जिना घातला. तो पक्का आहे, हे कसे ओळखाल? गुळगुळीत गिलावा पाहून ते कळत नाही.

आधी विचारा : याचे वजन कोण पेलते? एक मीटर रुंदीचा, दहा पायऱ्यांचा काँक्रीटचा जिना दीड टनाहून जड भरतो. माणसांचे वजन वेगळेच! लाकडी जिना त्यामानाने पुष्कळ हलका होता. मातीत बांधलेली जुनी भिंत तो पेलत होती. त्याच भिंतीत खाच पाडून नवा जिना टेकवला, तर ती पेलेलच असे नाही. नव्या जिन्याला भक्कम आधार आणि स्वतःचा पाया हवा. जागा मोठी करण्यासाठी माडीची तुळई कापली असेल, तर जिन्याचे राहू द्या, आधी माडीची काळजी करा.

आता सळयांकडे वळू. काँक्रीट दाब चांगला सोसते, ताण सोसत नाही. भार आला की जिन्याची खालची बाजू ताणली जाते. म्हणून मुख्य सळया तळाशी घालतात. जिना वरच्या सपाट भागाला मिळतो, तिथे खालच्या बाजूला एक कोपरा तयार होतो. त्या कोपऱ्याला लावून एक दोरी वाकवून धरा आणि दोन्ही टोके ओढा. दोरी सरळ होते आणि कोपरा सोडून खाली येते. सळईही तसेच करू पाहते आणि खालचे काँक्रीट फोडते. म्हणून जाणता मिस्त्री तिथे सळई कोपऱ्याबरोबर वाकवत नाही. जिन्याची सळई तो सरळ वरच्या थरात नेतो आणि सपाट भागाच्या सळईशी तिची फुली होते. काँक्रीट ओतल्यावर हे काहीच दिसत नाही. त्याआधीच इंजिनिअरला दाखवावे आणि फोटो काढून ठेवावा. ओतल्यानंतर निदान ७ दिवस पाणी मारावे लागते. खालचे टेकू घाईने काढू नयेत.

पायऱ्या तुम्ही स्वतः मोजू शकता. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार घरातली पायरी १९ सेंटिमीटरपेक्षा उंच आणि २५ सेंटिमीटरपेक्षा अरुंद नसावी. सगळ्या पायऱ्या सारख्या हव्यात. एकच पायरी उंच असली, तर अंधारात आजीचा पाय नेमका तिथेच अडखळतो.

काहीजण चारपाच माणसे एकदम चढवून जिना 'तपासतात'. हा वेडेपणा आहे. त्यापेक्षा जिन्याखाली दिवा घेऊन जा. तडा दिसला, तर त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करा आणि तारीख लिहा. गिलाव्यातली केसासारखी रेघ बहुधा तेवढीच राहते. पण तडा खुणेपुढे गेला किंवा वरच्या कोपऱ्यात आडवा पसरला, तर जिन्यावरून जाणे-येणे त्याच दिवशी थांबवा, खालची कोठी हलवा आणि इंजिनिअर येईपर्यंत तिथे कोणाला फिरकू देऊ नका.