जळण्याआधी मिसळणे

डिझेलचा थेंब पेटतो तेव्हा द्रव डिझेल जळत नसते. थेंबाभोवती वाफेचे वेष्टन तयार होते आणि ज्योत त्याच्याही बाहेर, थेंबापासून जरा अंतर राखून असते. तिची उष्णता आत येऊन द्रवाची वाफ करते. वाफ बाहेर जाते, ऑक्सिजन गाठते आणि जळते. मग थेंब किती वेगाने संपेल हे कोण ठरवते? रासायनिक क्रिया, असेच कोणीही म्हणेल. ब्रायन स्पाल्डिंग यांनी केंब्रिजला पीएच.डी. करताना वेगळे उत्तर दिले: बहुतेक वेळा रसायनशास्त्र बाजूला ठेवा. क्रिया झटपट उरकते; खोळंबा होतो तो उष्णतेच्या आणि वाफेच्या ये-जा करण्यात.

ज्वलनातून मिळू शकणारी उष्णता भागिले द्रवाची वाफ करायला लागणारी उष्णता, हा स्पाल्डिंग अंक. तो दुप्पट झाला म्हणून जळण्याचा वेग दुप्पट होत नाही, कारण बाहेर पडणारी वाफच आत येणाऱ्या उष्णतेला अडवते. आणि थेंबाचा व्यास निम्मा केला, तर तो साधारण चौपट लवकर संपतो. इंजेक्टरमधून फवारा बारीक यावा म्हणून एवढा आटापिटा करतात, तो उगाच नाही.

१९५४ मध्ये स्पाल्डिंग लंडनच्या इंपिरियल कॉलेजात आले आणि १९५८ मध्ये तिथेच प्राध्यापक झाले. पण एकटा थेंब वेगळा आणि भट्टी वेगळी. भट्टीत सगळीकडे भोवरे. इंधन आणि हवा कुठे, किती मिसळते हे कळायचे तर आधी प्रवाह कळायला हवा. म्हणजे ज्वलनाच्या माणसाला प्रवाहाचे गणित सोडवणे भाग पडले. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतले सर्वांत फलदायी वळण हेच.

इथे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आणि मग आयआयटी मुंबईत शिकलेले सुहास पाटणकर येतात. त्यांनी १९६७ मध्ये इंपिरियलची पीएच.डी. मिळवली. अडचण अशी होती: वेग काढायला दाब माहीत हवा, पण दाबाचे स्वतंत्र समीकरणच नाही. दोघांनी १९७२ मध्ये मांडलेली ‘सिम्पल’ पद्धत दाब आधी अंदाजाने धरते, त्यावरून वेग काढते आणि प्रवाहाचे ज्या लहान चौकटींत तुकडे पाडलेले असतात त्या प्रत्येक चौकटीत आत आलेले व बाहेर गेलेले वस्तुमान जुळते का ते पाहते. जुळले नाही तर दाब सुधारायचा, पुन्हा हिशेब. असे जुळेपर्यंत. पाटणकर पुढे अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात गेले. त्यांचे १९८० चे पुस्तक या विषयाचे विद्यार्थी अजून उघडतात.

ज्योतीबाबत मात्र स्पाल्डिंग जुन्याच मतावर ठाम होते. १९७१ मध्ये त्यांनी खळबळत्या ज्योतीसाठी मांडलेल्या प्रारूपात जळण्याचा वेग भोवरे फुटण्याच्या वेगावर ठरतो. मिसळले की जळले! हा धाडसी सोपेपणा अभियंत्यांच्या फार उपयोगी पडला, कारण तेव्हाच्या संगणकांना याहून जास्त झेपलेच नसते. स्पाल्डिंग यांची कंपनी १९८१ पासून प्रवाहाचे असे हिशेब करणारी ‘फिनिक्स’ ही आज्ञावली विकू लागली.

पण बाजूला ठेवलेले रसायनशास्त्र प्रदूषणाच्या प्रश्नात परत आले. नायट्रोजनची ऑक्साइडे आणि काजळी सावकाश तयार होतात; तिथे ‘मिसळले की जळले’ चालत नाही. त्यासाठी हेप्टेनसारख्या साध्या इंधनाच्याही शेकडो संयुगांचा आणि हजारो क्रियांचा हिशेब आता मांडतात. प्रवाहाचा हिशेब मात्र अनेक सॉफ्टवेअरांत अजून ‘सिम्पल’च्याच घराण्यातला असतो.