यवतेश्वरच्या घाटातली टकटक

२०२४ सालच्या एप्रिलमधील एक संध्याकाळ. साताऱ्याहून कासकडे जाण्यासाठी आम्ही यवतेश्वरचा घाट चढत होतो. मोटार माझीच, पण माझ्याकडे येऊन जेमतेम दोन महिने झालेली. आठ वर्षे जुनी, सांगलीच्या एका हौशी तरुणाकडून घेतलेली. म्हणून पाटीवर एम एच १०. एका वळणानंतर दुसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबला आणि इंजिनातून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येऊ लागला. पाय काढला की आवाज बंद, दाबला की पुन्हा टकटक.

"बाबा, हे काय वाजतंय?" दहावीची परीक्षा नुकतीच दिलेली माझी मुलगी म्हणाली.

उत्तर मला ठाऊक होते आणि म्हणूनच घाम फुटला. गाडी वळवली, हलक्या पायाने घरी आणली. कास राहिले.

विद्यार्थी मित्रांनो, महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने टर्बोचार्जरची वेगवान मोटार जुन्या बाजारातून घ्यावी, याचे आमच्या स्टाफरूममध्ये बरेच हसे झाले होते. पण त्या टकटकीमुळे वायूंचे नियम मला जेवढे नीट समजले, तेवढे वीस वर्षे फळ्यावर लिहूनही समजले नव्हते.

भाता, चक्री आणि पंप

लोहाराचा भाता तुम्ही पाहिला असेल. कोळसा तोच, पण भाता चालवला की निखारा लाल होतो. इंजिनाचेही तसेच आहे. पेट्रोल हवे तितके ओतता येते. अडचण असते ती हवेची. दट्ट्या खाली जाताना सिलिंडरमध्ये जेवढी हवा ओढली जाईल तेवढेच इंधन नीट जळते. अधिक शक्ती हवी तर सिलिंडर मोठा करा, नाहीतर त्याच सिलिंडरात हवा कोंबून भरा. टर्बोचार्जर हा कोंबणारा भाता होय. मात्र तो चालवायला वेगळा माणूस लागत नाही. सायलेन्सरकडे जाणारे तप्त वायूच तो चालवतात.

आपल्या भागातली दोन यंत्रे डोळ्यांसमोर आणा. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरते आणि तेथील चक्री फिरवते, हे एक. किर्लोस्करवाडीत तयार होणारा आणि कृष्णाकाठच्या असंख्य विहिरींवर बसलेला सेंट्रिफ्यूगल पंप हे दुसरे. पंपाच्या मधोमध आलेले पाणी फिरत्या पंख्यामुळे कडेला फेकले जाते आणि त्याचा दाब वाढतो. आता पोफळीची चक्री आणि वाडीचा पंप एकाच दांड्याच्या दोन टोकांना बसवले आहेत, पाण्याऐवजी एकीकडे धूर व दुसरीकडे हवा आहे, आणि सगळे यंत्र नारळाएवढे आहे अशी कल्पना करा. झाला टर्बोचार्जर.

ही कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याची. त्याचे पेटंट १९०५ चे. तिची खरी परीक्षा मात्र डोंगरावर झाली. १९१८ साली सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचे 'लिबर्टी' इंजिन अमेरिकेतील पाइक्स पीक या सुमारे ४३०० मीटर उंच शिखरावर नेऊन चालवले. समुद्रसपाटीवर साडेतीनशे अश्वशक्ती देणारे ते इंजिन तेथल्या विरळ हवेत सुमारे २३० वर आले. टर्बोचार्जर जोडताच आकडा पुन्हा साडेतीनशेच्या वर गेला.

आपल्याकडील उदाहरण घ्यायचे तर पुण्याजवळच्या रांजणगावात तयार झालेल्या फियाट पुंटोचे घ्या. १३६८ घन सेंटिमीटरचे साधे पेट्रोल इंजिन ९० अश्वशक्तीचे होते. २०१५ साली आलेल्या अबार्थ पुंटोत तेवढ्याच आकारमानाचे इंजिन टर्बोमुळे १४५ अश्वशक्ती देऊ लागले. चाकणला तयार होणारी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय (२०१३) तर अवघ्या १.२ लिटरमधून १०५ अश्वशक्ती काढत असे. फियाटने २०१९ मध्ये भारतातील मोटारविक्री थांबवली, पोलो २०२२ मध्ये बंद झाली. म्हणजे अशी मोटार आज हवी असेल तर ती कोणीतरी वापरलेलीच मिळणार, आणि कशी वापरली हे तो सांगेल तेवढेच कळणार. माझी मोटार कोणती, हे येथे महत्त्वाचे नाही.

दाबली की तापते

सायकलच्या पंपाचे तोंड अंगठ्याने बंद करा आणि दट्ट्या आठ-दहा वेळा जोरात दाबा. पंपाचा खालचा भाग हाताला गरम लागेल. हवेवर केलेले कार्य बाहेर जायला वेळ न मिळाल्याने उष्णतेच्या रूपाने हवेतच राहते. टर्बोमध्ये हेच घडते, आणि टकटकीचे मूळही येथेच आहे.

थोडे गणित करू. माझ्या मोटारीचा मूळ संगणक सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेचा एकूण दाब जास्तीत जास्त १.८ बार होऊ देतो. (समुद्रसपाटीवरील हवेचा दाब साधारण १ बार.) कासचे पठार सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे, तेथे बाहेरच्या हवेचा दाब ०.८८ बार भरतो. म्हणजे टर्बोला हवा २.०५ पट दाबावी लागते. बाहेर ३५ अंश सेल्सिअस असेल आणि पंख्याची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर टर्बोतून निघणारी हवा सुमारे १३५ अंशांची असते. तापल्यामुळे ती प्रसरण पावते. दाब दुपटीवर गेला तरी तेवढ्याच जागेत हवा भरते फक्त दीडपट! म्हणून वाटेत इंटरकूलर नावाची जाळी असते. इंजिनाच्या पाण्याला जसा रेडिएटर, तसा हवेला हा. त्याने हवा ५५ अंशांपर्यंत आणली तर भरणा १.९ पट होतो. ३५ आणि ५५ मध्ये २७३ मिळवून केवल तापमान काढा आणि हा आकडा स्वतः पडताळून पाहा.

आता सिलिंडरमध्ये येऊ. तेथे दट्ट्या हे मिश्रण आणखी नऊ-दहा पट लहान जागेत दाबतो आणि त्याचे केवल तापमान दुपटीहून अधिक होते. म्हणजे आत शिरताना हवा २० अंशांनी जास्त गरम असेल, तर दाबल्यावर ती ४० अंशांहून जास्त गरम असणार. मग ठिणगी पडते, ज्योत एका बाजूने सरकू लागते. पण ती पोचण्यापूर्वीच पलीकडच्या कोपऱ्यातले मिश्रण आपोआप पेटते. एकदम, स्फोटासारखे. दाबाच्या लाटा भिंतींवर आपटून सेकंदाला सहा-सात हजार कंपने निर्माण करतात. तीच ती टकटक. इंग्रजीत नॉकिंग. ती फार काळ चालली तर अॅल्युमिनियमच्या दट्ट्याला भोक पडू शकते.

एरवी इंजिन स्वतःला वाचवते. त्याच्या अंगावर एक स्फटिक बसवलेला असतो. दाब पडला की तो विद्युत्दाब निर्माण करतो. स्वयंपाकघरातल्या गॅस लायटरमध्येही असाच स्फटिक असतो. त्याने टकटक ऐकली की संगणक ठिणगी थोडी उशिरा पाडतो. मग माझ्या मोटारीत ती कानाला ऐकू येईपर्यंत संगणक काय करत होता?

"हिला डोस दिलाय"

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी लॅपटॉप जोडला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "सर, हिला कुणीतरी डोस दिलाय."

आधीच्या मालकाने संगणकातील आज्ञावली, म्हणजे या धंद्यातल्या भाषेत 'मॅप', बदलून घेतली होती. एकूण दाब १.८ ऐवजी २.२ बार, ठिणगी आधी, आणि टकटक ऐकल्यावर माघार घेण्याची मुभा कमी. हा मॅप उच्च ऑक्टेनच्या महाग पेट्रोलसाठी लिहिलेला. मी बापडा ९१ ऑक्टेनचे साधे पेट्रोल भरत होतो. कासच्या उंचीवर २.२ बार म्हणजे अडीचपट दाबणे. वरचेच गणित पुन्हा करा: टर्बोतून निघणारी हवा १३५ नव्हे तर सुमारे १६७ अंशांची. त्यात घाटात मोटारीचा वेग कमी, म्हणजे इंटरकूलरला वाराही कमी.

एवढ्यावर भागले नाही. टर्बो आणि इंटरकूलर यांमधील रबरी नळीत गळती होती. मिस्त्रींनी कॉम्प्रेसरने अर्धा बार हवा सोडली, मुलीने ब्रशने साबणाचे पाणी लावले, आणि जोडाजवळ बुडबुडे फुगू लागले. सायकलची ट्यूब घमेल्यात बुडवून पंक्चर शोधतात, तसेच हे. गळती असली तरी संगणक ठरलेला दाब मागतच राहतो, आणि तो गाठण्यासाठी टर्बोला अधिक वेगाने फिरावे लागते.

किती वेगाने? लहान टर्बोचा दांडा मिनिटाला १.८ लाख फेरे सहज घेतो. ४५ मिलिमीटर व्यासाच्या पंख्याच्या कडेचा वेग काढा: सेकंदाला सुमारे ४२० मीटर, म्हणजे बाहेरच्या हवेतील ध्वनीच्या वेगाहून अधिक. कडेवरच्या कणाचे अभिकेंद्री त्वरण गुरुत्व त्वरणाच्या सुमारे आठ लाख पट. तेथे एक ग्रॅम धातू धरून ठेवायला आठशे किलोग्रॅम वजनाइतके बल लागते! आणि हा दांडा बहुधा गोळ्यांच्या बेअरिंगवर नव्हे, तर तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. एका बाजूला नऊशे अंशांचा धूर, दुसऱ्या बाजूला हवा, मध्ये तेल.

म्हणून टर्बो मोटार घेणाऱ्याने रंग आणि चाके नंतर पाहावीत, आधी तेलाची पावती मागावी. मी घाईत ती मागितली नव्हती. पुस्तिकेत १५००० किलोमीटर लिहिलेले असले तरी मी ७५०० ला तेल बदलतो. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करत नाही. बंद केले की तेलाचा पंप थांबतो, पण चक्रीची उष्णता थांबत नाही. ती दांड्याकडे येते आणि थांबलेले तेल करपते. कढईच्या काठाला बसलेला काळा चिकट थर घासताना आईला किती त्रास होतो ते विचारा. तोच थर केसाएवढ्या फटीत बसला तर घासणार कोण? पुष्कळ टर्बोंना पाण्यानेही थंड ठेवतात, तरी दारात मिनिटभर इंजिन नुसते चालू ठेवण्यात काही जात नाही.

सांडवा

कोयनेचे दरवाजे उघडले की सांगलीकर आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी विचारू लागतात. टर्बोलाही असा सांडवा असतो, त्याला वेस्टगेट म्हणतात. दाब ठरलेल्या आकड्याला पोचला की ही झडप उघडते आणि जादा धूर चक्रीला वळसा घालून निघून जातो. दाब वाढवणे म्हणजे मुख्यतः हा सांडवा उशिरा उघडणे. धरणात पाणी जास्त साठते, वीजही जास्त होते. भिंत मात्र तीच असते.

मूळ अभियंत्याने १.८ वर का थांबावे, हा प्रश्न माझ्या सांगलीच्या भाच्याने मला विचारला. तो अभियांत्रिकीला आहे आणि दाब वाढवण्याच्या बाजूचा आहे. "मामा, कंपनीवाले मुद्दाम कमी ठेवतात." मुद्दाम ठेवतात हे खरेच. इंजिन राजस्थानच्या उन्हात, महाबळेश्वरच्या उंचीवर, हलक्या पेट्रोलवर आणि गाळ बसलेल्या इंटरकूलरसह चालले पाहिजे, म्हणून राखीव ताकद ठेवलेली असते. मॅप बदलणारा ती विकत घेत नाही, शिलकीतून काढतो. थंड सकाळी, चांगल्या पेट्रोलवर, सपाट रस्त्यावर त्याला काहीच जाणवत नाही. आधीच्या मालकाने पेठ नाक्यापासून आष्ट्यापर्यंत गाडी पळवली असेल, तेव्हा ती गोडच चालली असणार. म्हणून तो खोटे बोलला असे मी म्हणत नाही.

कायद्याचाही भाग आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीत आलेल्या तपशिलांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले.

आम्ही मूळ मॅप परत घातला, नळी व स्पार्क प्लग बदलले, तेल बदलले. दोन महिन्यांची बचत गेली. शक्ती कमी झाल्याचे मला जाणवले, आणि थोडे वाईटही वाटले.

भाच्याचा एक मुद्दा मात्र विचार करण्यासारखा होता. २०२५ पासून सर्वत्र मिळू लागलेल्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, आणि त्यातले काही आपल्याच भागातल्या उसापासून येते. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतो. शिवाय त्याची बाष्पीभवनाची उष्णता पेट्रोलच्या सुमारे अडीचपट असल्याने ते हवेला थंडही करते. टर्बोला हे इंधन मानवते, असे तो म्हणतो. पण एका लिटर इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच. आणि २०१६ सालच्या मोटारीच्या रबरी नळ्या या मिश्रणासाठी बनवलेल्या नाहीत. त्या मी दर सहा महिन्यांनी हाताने चाचपून पाहतो.

मी स्वतः गाडीत भर घातली ती एकच: दाबाचा एक अंकी मापक. बाहेरच्या हवेपेक्षा दाब किती जास्त, ते तो दाखवतो. पुढच्या पावसाळ्यानंतर आम्ही पुन्हा कासला गेलो. टकटक नव्हती. मुलगी वही घेऊन शेजारी बसली होती. मोकळ्या चढावर मी अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला आणि तिने आकडा लिहिला: ०.९२. दिवाळीत सांगलीला जाताना तिने तो पुन्हा लिहिला: ०.८५. आधी तिला वाटले, मापक बिघडला. मग तिच्या लक्षात आले की संगणक एकूण दाब १.८ वरच ठेवतो. बदलली ती बाहेरची हवा. फरक ०.०७ बार, म्हणजे ७००० पास्कल. हवेची घनता घनमीटरला १.१ किलोग्रॅम धरून तिने भागाकार केला आणि कास सांगलीपेक्षा ६५० मीटर उंच असल्याचे उत्तर काढले. मापकाचा शेवटचा अंक एकाने चुकला तर उत्तर नव्वद-शंभर मीटरने हलते, हे मी तिला सांगितले. तिने नकाशा काढून पाहिला. सांगली साडेपाचशे मीटर, कास बाराशे.