स्पीकरला अनुरूप इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर : वॅटच्या आकड्यापलीकडील निकष

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या संगीत विभागासाठी किंवा श्रवणकक्षासाठी ध्वनियंत्रणा खरेदी करताना निविदेत सहसा एकच आकडा ठळकपणे मागितला जातो, तो म्हणजे वॅट. ज्या ॲम्प्लिफायरचे वॅट अधिक तो श्रेष्ठ, ही समजूत त्यामागे असते. तिच्यापायी कधी निधी वाया जातो, तर कधी चांगल्या स्पीकरचे ट्वीटर जळतात. प्री-ॲम्प्लिफायर व पॉवर ॲम्प्लिफायर एकाच पेटीत सामावणारा इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर निवडताना स्पीकरचे कोणते गुणधर्म आधी तपासावेत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

वॅट म्हणजे नेमके काय?

ॲम्प्लिफायर स्पीकरला मूलतः विभवांतर पुरवतो. त्या विभवांतरामुळे किती विद्युतप्रवाह वाहील, हे स्पीकरचा संरोध ठरवतो. वॅट हे या दोहोंच्या संयोगाचे फलित होय. त्यामुळे एकच ॲम्प्लिफायर वेगवेगळ्या स्पीकरवर वेगवेगळे वॅट देतो. किती ओहमवर, कोणत्या वारंवारता-पट्ट्यात आणि किती विकृती गृहीत धरून मापन केले, हे सांगितल्याखेरीज वॅटचा आकडा निरर्थक ठरतो. १९९० च्या दशकात भारतीय बाजारातील कॅसेट-संचांवर छापले जाणारे ‘पीएमपीओ’चे भव्य आकडे हे या निरर्थकतेचे उत्तम उदाहरण आहे. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने अशा दाव्यांसाठी १९७४ मध्येच नियम केला. २०२४ मध्ये त्यात सुधारणा करून ८ ओहम भार व २० ते २०,००० हर्ट्झ हा पट्टा मापनासाठी निश्चित करण्यात आला.

एक उदाहरण : बीबीसीचा एलएस३/५ए

बीबीसीने १९७० च्या दशकाच्या आरंभी बाह्यप्रक्षेपण वाहनांतील अरुंद नियंत्रणकक्षांसाठी एलएस३/५ए हा छोटा स्पीकर विकसित केला. परवान्याखाली अनेक कंपन्यांनी तो बनवला आणि घरगुती श्रोत्यांमध्येही त्याला मोठी प्रतिष्ठा लाभली. मूळ आवृत्तीचा नाममात्र संरोध १५ ओहम होता. १९८७ नंतरच्या आवृत्तीत तो ११ ओहम झाला. त्याची संवेदनशीलता मात्र बेताची, म्हणजे २.८३ व्होल्ट दिल्यास १ मीटर अंतरावर सुमारे ८३ डेसिबल इतकीच आहे.

श्रोता ३ मीटर अंतरावर बसला आहे असे मानू. मोकळ्या जागेत एवढ्या अंतराने पातळी साडेनऊ डेसिबलने घटते; बंद खोलीत भिंतींच्या परावर्तनामुळे ही घट कमी, समजा ६ डेसिबल, राहते. दोन स्पीकरमुळे ३ डेसिबलची भर पडते. म्हणजेच २.८३ व्होल्टवर श्रोत्यापर्यंत ८० डेसिबल ध्वनी पोहोचतो. तबल्याच्या थापेसारखे क्षणिक आघात सरासरी पातळीहून १५ डेसिबल वर जातात असे धरल्यास ९५ डेसिबलसाठी सुमारे १६ व्होल्ट लागतात. ८ ओहमवर ३२ वॅट देणारा ॲम्प्लिफायर हे विभवांतर पुरवू शकतो. ८ ओहमवर २० वॅट देणाऱ्या ॲम्प्लिफायरला साडेबारा व्होल्टच्या पुढे फारसे जाता येत नाही आणि १५ ओहमच्या स्पीकरला त्याच्याकडून जेमतेम ११ वॅट मिळतात. तरीही उणीव भरते ती केवळ २ डेसिबलची. ४० वॅटऐवजी ५० वॅटसाठी जादा पैसे मोजणाऱ्याला तर अवघा १ डेसिबल हाती लागतो, ही बाब विक्रेते क्वचितच सांगतात.

याउलट ९० डेसिबल संवेदनशीलतेच्या ८ ओहम स्पीकरला त्याच खोलीत, त्याच पातळीसाठी ६ ते ७ वॅट पुरतात. स्पीकर बदलताच शक्तीची गरज एकपंचमांशावर येते. अब्दुल करीम खाँ यांच्या काळातील ७८ आरपीएम ध्वनिमुद्रणांत नाजूक व जोरकस स्वरांमधील अंतर मर्यादित असल्याने ती ऐकताना राखीव शक्तीची गरज आणखी घटते.

संरोधाचा चढउतार

स्पीकरवर छापलेले ‘८ ओहम’ हे सरासरीवजा नाव आहे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार प्रत्यक्ष संरोध नाममात्र मूल्याच्या ८० टक्क्यांखाली, म्हणजे ८ ओहमसाठी ६.४ ओहमखाली, जाऊ नये. परंतु बाजारातील अनेक स्पीकर हे बंधन पाळत नाहीत. १९५७ मध्ये बाजारात आलेला क्वाडचा स्थिरविद्युत स्पीकर हे याचे टोकाचे उदाहरण होय. त्याचा संरोध उच्च वारंवारतेला २ ओहमच्या आसपास उतरतो, म्हणजे ॲम्प्लिफायरकडून भरपूर प्रवाहाची अपेक्षा असते. शिवाय शिखर विभवांतर ३३ व्होल्टच्या पुढे गेल्यास स्पीकरच्या आत ठिणगी पडून पटल निकामी होण्याचा धोका असतो. येथे ‘अधिक वॅट’ हा सल्ला सरळसरळ घातक ठरतो.

१९७८ मध्ये आलेल्या नॅड ३०२० या स्वस्त इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायरने याच मुद्द्यावर नाव कमावले. त्याची घोषित शक्ती अवघी २० वॅट होती. मात्र क्षणिक आघाताच्या वेळी तो त्याहून बरीच अधिक शक्ती देई आणि कमी संरोधाच्या स्पीकरपुढेही नमत नसे.

ट्वीटर का जळतो?

‘लहान ॲम्प्लिफायरने ट्वीटर जळतो’ हे विधान अर्धसत्य आहे. ॲम्प्लिफायर क्षमतेपलीकडे रेटला की तरंगांची शिखरे कापली जातात. खर्जाची शिखरे कापली गेल्यावरही बटण पुढे फिरवत राहिल्यास मध्यम व उच्च स्वरांची सरासरी शक्ती वाढतच जाते, शिवाय कापलेल्या तरंगांतून नव्या उच्च वारंवारता निर्माण होतात. हा सारा भार अल्प उष्णता सहन करणाऱ्या ट्वीटरच्या तारेवर येतो. दोष यंत्राच्या लहानपणाचा नसून आवाज कर्कश झाल्यावरही बटण फिरवणाऱ्या हाताचा असतो.

खरेदीचा क्रम

म्हणून आधी खोली, मग स्पीकर आणि शेवटी ॲम्प्लिफायर हा क्रम ठेवणे श्रेयस्कर. निविदेत ८ व ४ या दोन्ही ओहमवरील अखंड शक्ती, दोन्ही वाहिन्या एकाच वेळी चालू असताना मोजलेली, मागवावी. ४ ओहमवरचा आकडा ८ ओहमच्या दुपटीच्या जवळ असल्यास प्रवाहक्षमता समाधानकारक समजावी. तो तेवढाच किंवा कमी असल्यास तो ॲम्प्लिफायर अवघड संरोधाच्या स्पीकरला जोडू नये. स्पीकरचा न्यूनतम संरोध किती व तो कोणत्या वारंवारतेला, हेही पुरवठादाराकडून लेखी घ्यावे. अंतिम निर्णयापूर्वी जोडी त्याच खोलीत, विभागातील नेहमीच्या ध्वनिमुद्रणांवर, विद्यार्थी बसतात त्या अंतरावरून ऐकून पाहावी.