त्रिविक्रमभारतींची शंका

मंडळी, संताला संत म्हणायचं ते कशावरून? गाणगापुरी श्रीनृसिंहसरस्वती राजाच्या आग्रहाने पालखीत बसत. कुमसीचे त्रिविक्रमभारती वेदज्ञ संन्यासी. ते म्हणत, यतीला पालखी कशाला, हा तर दंभ! शंका शास्त्राला धरूनच होती हो! स्वामी रागावले नाहीत, आपण होऊन कुमसीला गेले. श्रीगुरुचरित्राच्या २४व्या अध्यायात काय सांगितलंय? लवाजम्यातला जो तो भारतींना दंडधारी यतीच दिसू लागला. आता नमस्कार कोणाला करायचा? वेषावरून निवाडा करणाऱ्याला वेषच उपयोगी पडेना! शरण गेले, तेव्हा श्रीगुरूंची ओळख पटली. आपल्या जवळच्या माणगावचे टेंबेस्वामी दंड घेऊन आयुष्यभर पायी फिरले, श्रीगुरू पालखीत बसले. दत्त दोन्हीकडे एकच. म्हणून पालखी बघू नका, दंडही बघू नका, आधी आपला अहंकार बघा. श्रीगुरुदेव दत्त!