कानात कोण बोलते?

घरात निजानीज झालेली असते. अशा वेळी विशीतला मुलगा अंथरुणावर उठून बसतो आणि कोणाला तरी उत्तरे देऊ लागतो. "कोणाशी बोलतोस रे?" असे आईने विचारले की म्हणतो, "तुला ऐकू येत नाही? ते मला शिव्या देताहेत!" आई कान देऊन ऐकते. दूर कुठे कुत्रे भुंकत असते, एवढेच. मग सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतो, सोंग आहे, कोणी म्हणतो, बाहेरची बाधा आहे, अंगारा लावा, आणि एखादा शहाणा हळूच पुटपुटतो, "आईचेच काहीतरी चुकले!"

हे तिघेही चुकतात, असे आज शास्त्र सांगते. नुसते सांगत नाही, तर त्या आवाजाच्या घटकेला मेंदूत काय चालले होते त्याचे चित्रच पुढे ठेवते.

या आजाराला आपण छिन्नमनस्कता म्हणतो. 'स्किझोफ्रेनिया' हे नाव झुरिचचे मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली दिले. एका देहात दोन माणसे नांदतात, असा त्याचा अर्थ पुष्कळ जण करतात. तो बरोबर नव्हे. विचार, भावना आणि वागणे यांची सांधेजोड निसटते, हा खरा अर्थ. जगात सुमारे ३०० माणसांमागे एकाला हा आजार असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

रक्ताचा माग

इटलीचे आंजेलो मोस्सो यांनी १९व्या शतकात माणसाला तराजूसारख्या फळीवर निजवले आणि त्याने विचार केला की डोक्याची बाजू खाली झुकते काय, हे पाहिले! तराजू ओबडधोबड होता, पण कल्पना अचूक होती. ज्या घरी लग्नकार्य, त्या घरी पाण्याच्या घागरी जास्त जायच्याच. तसेच मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तिकडे प्राणवायूने भरलेल्या रक्ताचा ओघ वाढतो. असे रक्त आणि प्राणवायू देऊन रिते झालेले रक्त, यांची चुंबकाशी वागणूक निराळी असते. हा फरक मेंदूच्या चित्रात टिपता येतो, हे सेइजी ओगावा यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९९० साली दाखवले. त्यातूनच 'फंक्शनल एमआरआय' जन्माला आला. ना सुई, ना क्ष-किरण. माणसाने बोगद्यासारख्या यंत्रात स्वस्थ पडून राहायचे.

बटण दाबले आणि...

आता खरी मौज पाहा. जर्मनीतील संशोधकांनी १९९९ साली अशा यंत्रात तीन रुग्णांना निजवले आणि सांगितले, आवाज ऐकू येऊ लागला की खूण करा. त्या त्या वेळी मेंदूतील 'हेशलची घडी' जागी झालेली दिसली. बाहेरचा आवाज कानावर पडला म्हणजे जो भाग जागा होतो, तोच हा! त्याआधी १९९३ साली लंडनमध्ये फिलिप मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या एका तंत्राने पाहिले होते की, आवाज चालू असताना 'ब्रोका' भागात रक्त अधिक वाहते. हा भाग तर बोलण्याचा!

बोलणाराही आतला आणि ऐकणाराही आतला. मग रुग्णाला ते परके का वाटावे? लंडनचे ख्रिस फ्रिथ यांनी सुचवलेले उत्तर गुदगुल्यांवरून चटकन समजते. आपल्याच हाताने आपल्याला गुदगुल्या होत नाहीत, कारण हात हलण्याआधीच मेंदू 'हे माझेच काम' अशी वर्दी देऊन ठेवतो. मनातल्या बोलण्याची अशी वर्दी पोहोचली नाही, तर आपलेच शब्द परक्याचे वाटणार. २००० साली सारा-जेन ब्लेकमोर यांच्या प्रयोगात, आवाज ऐकू येणाऱ्या रुग्णांना स्वतःचा स्पर्श दुसऱ्याच्या स्पर्शाइतकाच गुदगुल्या करणारा वाटला. हा शेवटचा शब्द नव्हे; पण दिशा कळते.

औषध किती द्यावे?

चित्रे पाहून रोग बरा होतो काय, असे वाचक विचारतील. लाभ झाला तो मुख्यतः औषधाच्या मात्रेत. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमॅझिनचा गुण दिसला आणि उपचारांचे नवे युग सुरू झाले. ही औषधे मेंदूतील डोपामिनची 'कुलपे' अडवतात. पण किती अडवावी? मात्रा जास्त झाली की अंग ताठरे, हात थरथरत. आणि कंटाळून रुग्ण औषधच सोडून देई. स्टॉकहोमच्या लार्स फार्दे यांनी 'पेट' नावाच्या तंत्राने ही अडलेली कुलपे जिवंत माणसाच्या मेंदूत मोजली. टोरांटोत शितिज कपूर यांनी २००० साली दाखवले की, हॅलोपेरिडॉलने सुमारे ६५ टक्के कुलपे अडली की गुण येण्याचा संभव वाढतो, आणि ७८ टक्क्यांपलीकडे अंग ताठरण्याचा. दिवसाला १ किंवा २.५ मिलिग्रॅम एवढ्या लहान मात्रेनेही कित्येकांना उतार पडला!

ज्या जागी आवाज उमटतो तेथेच चुंबकाच्या हलक्या लहरी द्याव्यात, असा प्रयोग येल विद्यापीठाच्या राल्फ हॉफमन यांनी केला. काही रुग्णांचे आवाज मंदावले. पण पुढच्या प्रयोगांत सारखे यश आले नाही.

एक इशारा मात्र हवा. चित्र काढून 'आजार आहे' किंवा 'नाही' असा निवाडा आजही देता येत नाही. आढळलेले फरक अनेकांच्या सरासरीतले आहेत. डॉक्टर एमआरआय सांगतात तो बहुधा गाठ वगैरे दुसरे कारण नाही ना, हे पाहण्यासाठी. निदान होते ते डॉक्टरांनी रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलूनच.

आईवरचा आरोप

१९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइखमान या नामांकित विदुषीने या आजाराचे खापर आईच्या वागण्यावर फोडले. त्या मताने जगभर किती माता मनातल्या मनात झुरल्या असतील! आज ते मत मागे पडले आहे. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, मेंदूच्या वाढीचा आहे. आईच्या लाडाचा किंवा धाकाचा नव्हे.

तेव्हा घरात असे कोणी असेल, तर 'आवाज नाहीच' म्हणून त्याच्याशी वाद घालू नये. त्याला तो खरोखरच ऐकू येतो, याला मेंदूच साक्षी आहे. "तुला ऐकू येते, मला येत नाही, चल, डॉक्टरांना विचारू," एवढेच म्हणावे, आणि औषध मनाने बंद करू देऊ नये. मांत्रिकाकडे आणि सोंगाच्या संशयात जे दिवस वाया जातात, ते वाचले तर उपचार लवकर सुरू होतात. आणि लवकर सुरू झालेल्या उपचारांचा गुणही चांगला येतो.